गॅसवरचा वीजप्रकल्प आणि कोकणातली पाणथळ जागा: परवानगीची वाट, पायरी पायरीने

कोळशाच्या वीजप्रकल्पाला राखेचा तलाव लागतो, कोळशाचं आवार लागतं, रेल्वेची सायडिंग लागते. गॅसच्या प्रकल्पाला यातलं काहीच लागत नाही. गुहागर तालुक्यातल्या अंजनवेलचा १,९६७ मेगावॅटचा प्रकल्प असो की उरणचं ६७२ मेगावॅटचं वायू विद्युत केंद्र, टर्बाइन, बॉयलर आणि स्विचयार्ड एवढा गाभा आटोपशीर जागेत बसतो. त्यामुळे हा गाभा पाणथळ जागेत घालायला सहसा पटण्यासारखं कारण नसतं. पाणथळीत शिरतात त्या प्रकल्पाच्या लाइनी: समुद्राचं पाणी आत घेणारी, गरम पाणी बाहेर सोडणारी, गॅसची, विजेची आणि पोहोचरस्त्याची.

परवानगीचं सगळं काम या फरकावर उभं करायचं. प्लांट बाहेर, आत फक्त लाइनी, आणि त्याही शक्यतो जमिनीखालून नाहीतर वरून. खारजमीन स्वस्तात मिळते म्हणून आधी व्यवहार उरकायचा आणि मग सल्लागाराला "आता यातून वाट काढा" म्हणायचं, हा क्रम कोकणात फार महाग पडतो.

आधी पाण्याची रेषा, मग प्लांटचा आराखडा

कायद्याच्या नजरेतून कोकणातली पाणथळ तीन प्रकारची असते आणि प्रत्येक प्रकाराचं दार वेगळं आहे.

पहिली, भरतीचं पाणी जिथे पोहोचतं ती: खाडीकाठ, कांदळवन, चिखलाटी, मिठागराच्या कडा. इथे २०१९ ची सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राची, अधिसूचना लागू होते. खाडीत ही हद्द कुठवर जाते, हे पाण्याच्या खारेपणावरून ठरतं. वर्षातल्या सगळ्यांत कोरड्या काळात क्षारता हजारी ५ भाग असेल तिथपर्यंत खाडी धरली जाते, आणि तिच्या दोन्ही काठांना भरतीरेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी कमी असेल तेवढा पट्टा सीआरझेडमध्ये येतो. ही क्षारता एप्रिल-मेमध्ये, उधाणाच्या भरतीला मोजायची. ऑगस्टमध्ये घेतलेला नमुना नदीच्या पुराचा असतो, त्यावर रेषा आखण्यात अर्थ नाही.

दुसरी, पाणथळ जागा संवर्धन व व्यवस्थापन नियम २०१७ खाली अधिसूचित झालेली, किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे संरक्षण मिळालेल्या राष्ट्रीय यादीतली, म्हणजे २.२५ हेक्टरपेक्षा मोठी. इथे नवा उद्योग उभारायला, भराव घालायला आणि जागेचा वापर बदलायला सरळ मनाई आहे. गेल्या दहा वर्षांतल्या सरासरी पूररेषेपासून ५० मीटरच्या आत बोटींचे धक्के सोडून कायमचं बांधकाम चालत नाही. हेच नियम नदीपात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव, मिठागरं आणि मत्स्यशेतीची तळी पाणथळीच्या व्याख्येतून वगळतात. सीआरझेड आणि वनक्षेत्रातल्या पाणथळीही या नियमांखाली येत नाहीत, त्यांना त्यांचे आपापले कायदे आहेत. तेव्हा एकाच जागेसाठी दोन्हीकडे अर्ज टाकून बसू नये. आधी जागा कोणत्या कायद्यात मोडते ते लेखी ठरवून घ्यावं.

तिसरी पाणथळ कुठल्याच नकाशावर नसते आणि फाइल अडते ती बहुतेक वेळा तिच्यापायी. तिच्यात कोकणातल्या दोन गोष्टी येतात: खांड गेलेली, म्हणजे बांध फुटलेली, खारजमीन आणि सडा, म्हणजे उंचावरचं सपाट कातळपठार.

खारजमीन: सातबारावर भात, जागेवर तिवर

खारबंदिस्ती म्हणजे बांध घालून भरतीपासून तोडलेली आणि उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाण्याचा निचरा करणारी शेतजमीन. बांध धड आहे, उघाडी चालू आहे आणि आत भात पिकतंय, तोवर ती शेतजमीन. पण बांधाला खांड पडली आणि ती बुजवली गेली नाही, की दर भरतीला खारं पाणी आत येतं. दोन-चार वर्षांत तिवराची रोपं दिसू लागतात, मागोमाग मारांडी आणि चिपी, ही सगळी कांदळवनातली झाडं. सातबारावर मात्र अजून भातच असतं.

सीआरझेड अधिसूचना याबाबत स्पष्ट आहे. बांध किंवा उघाडी १९ फेब्रुवारी १९९१ पूर्वीची असेल, तर भरतीरेषा बांधावरच थांबते. पण खारं पाणी शिरून बांधाच्या आत कांदळवन वाढलं असेल, तर तेवढा भाग सीआरझेड-१अ या सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात, मग क्षेत्र कितीही लहान असो, आणि तो दुसऱ्या कामाला वळवता येत नाही. म्हणजे बांधाचं वय सिद्ध केलं तरी आतली तिवरं सुटत नाहीत. विकणाऱ्याने दाखवलेल्या सातबाऱ्यावर भरवसा ठेवून इथे टर्बाइन हॉल आखला, तर तो आराखडा पुढे सरकत नाही.

जमीन घेण्यापूर्वी पुढची तपासणी करावी. सातबारा आणि फेरफार तर हवेतच, शिवाय गावनकाशा आणि खारभूमी विकास विभागाकडची योजनेची कागदपत्रं हवीत, कारण बांधाचं वय तिथूनच सिद्ध होतं. वेगवेगळ्या वर्षांची उपग्रहचित्रं ओहोटीच्या वेळची घ्यावीत, भरतीच्या चित्रात चिखलाटी पाण्याखाली लपते. सरकारी जमिनीवरचं कांदळवन राखीव किंवा संरक्षित वन म्हणून अधिसूचित झालं आहे का, हे वनविभागाच्या अधिसूचनेत गट नंबरनिशी पाहावं. महसूल दप्तरी ती नोंद मागे राहिलेली असू शकते. आणि अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरच्या उधाणाला, भरती पूर्ण चढलेली असताना जागेवर उभं राहून पाणी कुठवर येतं ते पाहावं. भांगाच्या, म्हणजे कमी भरतीच्या, दिवशी पाहणी केली तर तीच जमीन कोरडी ठणठणीत दिसते.

एक गोष्ट खडसावून सांगायला हवी. बांधात मुद्दाम माती टाकून, उघाडी बंद करून तिवरं वाळवायची आणि मग "इथे कांदळवन नाही" म्हणायचं, हा प्रकार पर्यावरण संरक्षण कायद्याचा भंग आहे. तो लपतही नाही, उपग्रहचित्रांत वर्षागणिक दिसतो.

सडा: आठ महिने कातळ, चार महिने पाणथळ

खारजमीन टाळायची म्हणून नजर जाते सड्यावर. उंच, सपाट, वस्ती विरळ, खाली भक्कम जांभा. कागदावर ही जागा उत्तम. पण जूनपासून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत याच कातळावर उथळ डबकी भरतात, त्यांच्या काठाने गेंद आणि सीतेची आसवं फुलतात, बेडूक अंडी घालतात आणि हेच पाणी मुरून खालच्या वाडीच्या विहिरींना आणि पऱ्यांना (ओहोळांना) मिळतं. मार्चमध्ये केलेल्या सर्वेक्षणात यातलं काहीही दिसत नाही. अहवालात "ओसाड पडीक जमीन" असं लिहिलं जातं आणि जनसुनावणीत गावकरी पावसातले फोटो टेबलावर ठेवतात.

त्यामुळे सड्याची पाहणी पावसात किमान दोनदा: एकदा जुलैत पाणी भरल्यावर, एकदा सप्टेंबरमध्ये फुलोऱ्यात. प्रत्येक डबक्याची जागा, खोली आणि पाणी किती दिवस टिकतं ते नोंदवावं. पाणी कुठल्या बाजूने उतरतं याचा नकाशा करावा आणि खालच्या विहिरींची पातळी दर महिन्याला घ्यावी. रत्नागिरी-राजापूर पट्ट्यात याच सड्यांवर कातळशिल्पंही आहेत, तीही याच फेरीत बघून घ्यावीत.

प्लांट सड्यावरच बसवायचा ठरला तर डबक्यांचा मुख्य गट मोकळा सोडून आराखडा वळवावा. जांभ्यात सुरुंग लावले की भेगा उघडतात आणि पाण्याची वाट बदलते. एखादी विहीर आटते तर दुसरी गढूळ होते. इथे खोदकामासाठी ब्रेकर किंवा कटर वापरणं संथ असलं तरी शहाणपणाचं.

कोणत्या दारावर कोणता अर्ज

ईआयए (पर्यावरणीय आघात मूल्यांकन) अधिसूचना २००६ नुसार ५०० मेगावॅट आणि त्यावरचा गॅस प्रकल्प 'अ' वर्गात, म्हणजे दिल्लीत केंद्रीय मंत्रालयाच्या तज्ज्ञ समितीपुढे जातो. त्याखालचे राज्याच्या प्राधिकरणाकडे. पण ५ किलोमीटरच्या आत अभयारण्य, अतिप्रदूषित क्षेत्र किंवा अधिसूचित संवेदनशील क्षेत्र असेल, तर लहान प्रकल्पालाही केंद्राचं दार ठोठवावं लागतं. ठाणे खाडी, कर्नाळा, फणसाड आणि मालवणचं सागरी अभयारण्य यांच्या हद्दी आधी नकाशावर टाकाव्यात. शिवाय मालवण आणि आचरा-रत्नागिरी हे पट्टे सीआरझेडच्या अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांच्या यादीत आहेत.

सीआरझेडसाठी प्रस्ताव महाराष्ट्र किनारी क्षेत्र व्यवस्थापन प्राधिकरणाकडे जातो. भरतीरेषा आखणं हे अधिकृत संस्थेचंच काम आहे, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं दूरसंवेदन केंद्र ही त्यातली एक. खासगी सर्वेक्षकाने आखलेली रेषा कितीही बिनचूक असली तरी चालत नाही. नकाशा १:४००० प्रमाणात, त्यावर प्रकल्पाचा पूर्ण आराखडा चढवलेला, आणि भोवतालच्या ७ किलोमीटरचा वेगळा नकाशा. आराखडा एकदा चढवला की पाइपलाइन चार मीटर सरकली तरी नवा नकाशा लागतो, म्हणून लाइनींचे मार्ग पक्के झाल्याशिवाय हे काम देऊ नये.

कांदळवनाला आणखी एक दार आहे, मुंबई उच्च न्यायालयाचं. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने राज्यात कांदळवनाच्या तोडीवर बंदी घातली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलं. सार्वजनिक हिताचं काम असेल तरच न्यायालय परवानगीचा विचार करतं. २०१९ च्या सीआरझेड अधिसूचनेत खासगी जमिनीवरच्या कांदळवनाला हा पट्टा लागत नाही अशी तरतूद आहे आणि काही सल्लागार तिच्यावर बोट ठेवतात. महाराष्ट्रात त्या तरतुदीवर आराखडा बेतू नये, ५० मीटर सोडूनच काम करावं. सार्वजनिक हित म्हणजे काय, याचं उत्तरही कागदावर तयार हवं: दुसरे कोणते मार्ग तपासले, ते का जमले नाहीत, आणि नेमकी किती झाडं, किती चौरस मीटर बाधित होतात.

जमीन वन म्हणून नोंदलेली असेल तर १९८० च्या वन कायद्याखाली वळवणीची वेगळी मंजुरी. ती दोन टप्प्यांत मिळते, आधी तत्त्वतः आणि अटी पुऱ्या झाल्यावर अंतिम. काम दुसऱ्या टप्प्यानंतर सुरू होतं.

थंड पाण्याचा हिशेब आधी करा

पाणथळीवर सर्वांत मोठा भार लाइनीच्या रुंदीचा नसतो, तिच्यातून वाहणाऱ्या पाण्याचा असतो. ५०० मेगावॅटचा कंबाइंड सायकल (गॅस आणि वाफ दोन्हींवर टर्बाइन फिरवणारा) प्रकल्प ५५ टक्के कार्यक्षमतेने चालला तर कंडेन्सरमधून, म्हणजे वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्रातून, साधारण ३०० मेगावॅट उष्णता काढावी लागते. समुद्राचं पाणी एकदाच फिरवून परत सोडायचं आणि तापमानवाढ ७ अंश ठेवायची, तर तासाला सुमारे ३८,००० घनमीटर पाणी लागेल. किनाऱ्यावरच्या प्रकल्पाचं सोडलेलं पाणी भोवतालच्या पाण्यापेक्षा ७ अंश सेल्सियसहून अधिक गरम नसावं, हा नियम १९९९ नंतरच्या प्रकल्पांना आहेच.

तोच प्रकल्प समुद्राच्या पाण्यावर चालणाऱ्या कूलिंग टॉवरवर घेतला आणि पाणी दीडपट खारं होईपर्यंत फिरवलं, तर तासाला साधारण १,१०० घनमीटर घ्यावं लागतं आणि ७०० च्या आसपास परत जातं. पाणी पस्तीस पटींनी कमी. त्या प्रमाणात पाइप लहान, चर लहान, ओढली जाणारी मासळीची पिल्लं आणि अंडीही कमी. मात्र परत जाणारं पाणी लिटरला ५० ग्रॅमच्या वर खारं असतं, ते अरुंद खाडीत सोडता येत नाही. शिवाय टॉवरमधून खारे तुषार उडतात. वाऱ्याच्या दिशेला हापूसच्या बागा असतील, तर तुषार अडवणारे पडदे आणि त्यांचा हिशेब अहवालात हवाच, सुनावणीत पहिला प्रश्न मोहोरावरच येतो. हवेने थंड होणारा कंडेन्सर घेतला तर समुद्राशी संबंधच जवळपास संपतो, पण एप्रिल-मेच्या उन्हात वीजनिर्मिती घटते आणि खर्च वाढतो. तरीही जागा खाडीच्या आतल्या अंगाला असेल तर हाच पर्याय आधी तपासावा.

समुद्राचं पाणी घ्यायचंच असेल तर तोंड खाडीत नको, उघड्या समुद्रात हवं. जाळीतून शिरणाऱ्या पाण्याचा वेग सेकंदाला ०.१५ मीटरपर्यंत ठेवला तर बहुतेक मासे पोहून निसटतात. अमेरिकेच्या नियमांतही साधारण हाच आकडा आहे. ३८,००० घनमीटरसाठी त्या वेगाने ७० चौरस मीटर मोकळी जाळी लागते. जाळीवर कालवं आणि शिंपले धरतात, मोकळी जागा घटते आणि वेग आपोआप वाढतो, म्हणून आखणीत वाढीव जाळी धरावी. कालवं मारायला क्लोरीन घातला जातो, सोडलेल्या पाण्यात मुक्त क्लोरीन लिटरला ०.५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

गरम पाण्याचं गणितीय मॉडेल भांगाच्या दिवसांसाठीही चालवावं. उधाणाला पाणी जोरात ये-जा करतं आणि आकडे सुंदर येतात. भांगाला प्रवाह मंदावतो, गरम पाणी काठालगत रेंगाळतं, आणि तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवं जमवणाऱ्या बायकांची जागा नेमकी तीच असते.

लाइनी: खालून किंवा वरून

खाडी ओलांडणारी गॅसलाइन उघडा चर खणून टाकण्यापेक्षा आडव्या ड्रिलिंगने खालून न्यावी. दोन्ही टोकांचे खड्डे कांदळवन आणि ५० मीटरच्या पट्ट्याबाहेर हवेत. इथे हमखास विसरली जाणारी गोष्ट म्हणजे पाइप ओढायची जागा. ६०० मीटरची क्रॉसिंग असेल तर जोडलेला ६०० मीटर पाइप पलीकडच्या काठावर सरळ रेषेत पसरायला पट्टी लागते, आणि आराखड्यात न दाखवलेली ती पट्टी ऐनवेळी खारजमिनीतून जाते.

ड्रिलिंगमध्ये बेंटोनाइट या चिकणमातीचा गारा वापरतात. वर मऊ गाळ, खाली बसाल्टचा उंचसखल माथा, अशा जागी भोक उथळ घेतलं तर दाबाने गारा फुटून चिखलाटीत वर येतो आणि तिवराच्या श्वसनमुळांवर थर बसतो. त्यासाठी खाडीच्या मध्यातही तराफ्यावरून बोअर घेऊन खडकाची पातळी काढावी. काम चालू असताना परत येणारा गारा सतत मोजावा. तो अचानक घटला की पंप बंद करून ओहोटीत काठ तपासावा. व्हॅक्यूम टँकर जागेवर उभा हवा, पनवेलहून मागवलेला नको.

४०० केव्हीच्या लाइनीला ४६ मीटर रुंदीचा पट्टा लागतो, २२० केव्हीला ३५. दोन मनोऱ्यांमध्ये ३५० मीटरच्या आसपास अंतर मिळतं, त्यामुळे मनोरे थोडे उंच घेऊन दोन्ही काठांवर ठेवले तर अरुंद खाडीत एकही पाया पडत नाही. तिवरं फार उंच वाढत नसल्याने तारांखालची छाटणीही टळते. भरतीच्या वेळी पाणपक्षी जिथे जमतात त्या उडण्याच्या वाटेवर तारांना चकत्या लावाव्यात.

रस्ता भरावावर नको, खांबांवर हवा. भरावाखाली चार पाइप टाकले की पाणी खेळतं असं कागदावर दिसतं. पाइप गाळाने बुजतात आणि एका बाजूचं कांदळवन उभंच्या उभं वाळतं.

सर्वेक्षणाला पूर्ण वर्ष द्या

नियमाने एका हंगामाची आधारभूत माहिती पुरू शकते. कोकणात ती पुरत नाही. सडा पावसात, स्थलांतरित पक्षी नोव्हेंबर ते मार्च, क्षारता मेमध्ये, मासळीची पिल्लं पावसानंतर. पक्षी ओहोटीत चिखलभर विखुरतात, म्हणून गणती भरतीत ते एकत्र बसतात तिथे करावी. कांदळवनात १० बाय १० मीटरचे चौकोन घेऊन प्रत्येक झाडाची जात आणि घेर, आणि आत १ बाय १ मीटरमध्ये रोपं मोजावीत. मंजुरीचा अर्ज करताना माहिती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, हे धरून तारखा लावाव्यात.

जनसुनावणी

ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ घेतं, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो, ३० दिवस आधी सूचना लागते आणि पूर्ण चित्रीकरण होतं. सारांश मराठीत द्यायचा असतो. तो यंत्राने भाषांतर केल्यासारखा असला की सभा पहिल्या दहा मिनिटांत हातची जाते. सारांशात वाडीचं, खाजणाचं, पऱ्याचं नाव लोक म्हणतात तेच हवं. कोणाची डोल (खाडीत बांधून ठेवायची जाळी) कुठे लागते आणि काम कोणत्या महिन्यांत चालणार, हे नकाशावर दाखवावं. मासेमारी सोसायट्यांशी बोलणं सुनावणीआधीच झालेलं हवं. नारळी पौर्णिमेनंतरच्या ऐन हंगामात सुनावणी ठेवली तर मच्छीमार येऊ शकत नाहीत, आणि पुढे हरकतीला तेच कारण पुरतं.

भरपाईची लागवड

कांदळवन बाधित झालंच तर किमान तिप्पट क्षेत्रावर लागवडीची अट येते. दीड बाय दीड मीटरवर हेक्टरी ४,४४४ रोपं बसतात. आकडा पुरा होतो, जंगल होतंच असं नाही. सगळ्यांत जास्त रोपं मरतात ती उघड्या चिखलाटीवर, जिथे मुळात कांदळवन कधीच नव्हतं. तिथे रोप दिवसातला बराच वेळ बुडून राहतं, लाटांनी उपटतं, आणि पक्ष्यांची चरण्याची जागाही जाते. त्यापेक्षा भराव किंवा बुजलेल्या पाइपांमुळे भरती तुटलेला पट्टा शोधून तिथे पाण्याची वाट मोकळी करावी आणि छोटे चर काढावेत. बी भरतीबरोबर आपोआप येतं, उणीव राहील तिथेच रोपं लावावीत. जात जागेप्रमाणे: कडेला चिपी आणि कांदळ, आत तिवर. करार लागवडीचा नको, जगलेल्या रोपांचा हवा.

मंजुरीनंतर

पर्यावरण मंजुरी हातात आली की प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापनेची संमती, मग काम. मंजुरीला राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठापुढे ३० दिवसांत आव्हान देता येतं, सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. तेवढ्या काळात लाइनींचं काम पाणथळीत नेण्याची घाई करू नये, गाभ्याचं काम आधी घ्यावं.

पहिल्या पावसाची तयारी एप्रिलअखेर पूर्ण हवी. ४० हेक्टर उघड्या जागेवर दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला की ४०,००० घनमीटर पाणी होतं, आणि कोकणात असे दिवस दर पावसाळ्यात येतात. तांबड्या मातीचं ते पाणी थेट पऱ्यात गेलं तर खाडीच्या तोंडाशी गाळाचा थर बसतो. उतार एकदम उघडा करू नये, टप्प्याटप्प्याने खोदावं, निवळण तळी एकामागे एक दोन ठेवावीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये उघडीप मिळेल तेव्हा उपसावीत. मंजुरीच्या अटींचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो. त्यात ठरलेल्या जागांवरून, त्याच भरतीच्या वेळी काढलेले फोटो, विहिरींची पातळी आणि जगलेल्या रोपांची मोजणी जोडावी.